फाटलेला स्नायू सांधतं कोण?

रानवाट (धागाकर्ती)

गेल्या रविवारी आम्ही आठ जण राजगड करून आलो. चढताना कुणाचीच तक्रार नव्हती. सोमवारीही ठीक होतं. मंगळवारी सकाळी मात्र जिना उतरताना प्रत्येकाला कठडा धरावा लागला आणि ग्रुपवर दरवेळचा निदान-उपचार सुरू झाला: "लॅक्टिक ॲसिड साचलंय, चोळून काढा."

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत उंदरांच्या स्नायूंवर सहा वर्षं काम करते. स्नायूला इजा झाली की तो पुन्हा कसा उभा राहतो, एवढाच माझा विषय. व्हॉट्सॲपवर चार ओळींत हे मावत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी लॅक्टिक ॲसिडचं. ते व्यायाम थांबल्यावर तास-दोन तासांत रक्तातून निघून जातं. मंगळवारच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. दुखणं उतरण्याचं आहे. गड उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू शरीराचं ओझं तोलत असतो, आणि तोलता तोलताच लांब होत असतो. आखडायचा प्रयत्न करणाऱ्या स्नायूला कुणी तरी ओढून लांब करतंय, असं. यात आतली नाजूक रचना जागोजागी विस्कटते. चढताना दम लागतो, पण ही ओढाताण फार होत नाही.

आता विस्कटतं म्हणजे नक्की काय? मटणाचा शिजलेला तुकडा हाताने उकलला की जे दोरे सुटतात, तो प्रत्येक दोरा म्हणजे तंतूंची जुडी. त्यातला एकेक तंतू केसाइतका किंवा त्याहून बारीक असतो, पण लांबीला काही सेंटीमीटर भरतो. आणि हा अख्खा तंतू म्हणजे एकच पेशी. एवढी लांबलचक पेशी एका केंद्रकाने सांभाळणं शक्य नाही, म्हणून तिच्यात शेकडो केंद्रकं कडेकडेने बसलेली असतात. ही केंद्रकं पुन्हा विभागत नाहीत. म्हणजे तंतू मेला तर तो स्वतःहून दुसरा तंतू जन्माला घालू शकत नाही.

इजा लहान असेल तर तंतू आपलं आपण निभावतो. बाहेरच्या पटलाला भोक पडलं की कॅल्शियम आत घुसतं, आणि तोच इशारा धरून पेशीतल्या छोट्या पिशव्या धावत येऊन भोकाला ठिगळ लावतात. डिसफर्लिन नावाचं प्रथिन हे ठिगळकाम करतं, तेही सेकंदा-मिनिटांत. काहींना जन्मतः हे प्रथिन नसतं. त्यांचे स्नायू साध्या वापरानेही हळूहळू खचतात. भोकापेक्षा जरा मोठी, पण तंतू न मारणारी इजा असेल तर आणखी एक गोष्ट होते, आणि ती मला फार आवडते. तंतूतली केंद्रकं काही तासांत सरकत सरकत जखमेपाशी जमतात आणि तिथेच दुरुस्तीची प्रथिनं बनवायला घेतात. उंदरांत आणि धावणाऱ्या माणसांत हे दिसल्याचा शोधनिबंध २०२१ साली आला. आपल्या मंगळवारच्या मांड्यांत बहुतेक असलंच काही चालू होतं.

पण तंतू खरोखर मेला तर?

१९६१ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्झांडर माउरो बेडकाच्या पायाचा स्नायू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहत होते. तंतूला चिकटून एक छोटी पेशी त्यांना दिसली. आत जवळजवळ नुसतं केंद्रक, भोवती नावापुरता पेशीद्रव. उशी आणि अभ्रा डोळ्यांपुढे आणा. तंतू ही उशी आणि त्यावरचं पातळ आवरण हा अभ्रा. ही पेशी या दोहोंच्या फटीत बसलेली होती. त्यांनी तिला सॅटेलाइट सेल म्हटलं आणि स्नायू पुन्हा वाढण्याचं कोडं कदाचित इथे सुटेल, असं त्या छोट्याशा निबंधात लिहून ठेवलं. नुसतं ठिकाण पाहून केलेला तो तर्क पुढे खरा निघाला. २०११ साली निरनिराळ्या गटांनी प्रौढ उंदरांतून फक्त याच पेशी काढून टाकल्या आणि मग स्नायूला इजा केली. स्नायू परत आला नाही. दुसरं कुणीही त्यांची जागा घेतली नाही.

मी स्वतः काय पाहते ते सांगते. प्रयोगात इजा करायला आम्ही नागाच्या विषातला एक घटक वापरतो, कार्डिओटॉक्सिन. तो तंतूंची पटलं फोडतो, पण अभ्रा शाबूत राहतो आणि सॅटेलाइट पेशी बऱ्याच प्रमाणात वाचतात. मग ठरावीक दिवशी स्नायू काढायचा, द्रव नायट्रोजनने गार केलेल्या आयसोपेंटेनमध्ये गोठवायचा, दहा मायक्रॉनचे काप काढायचे आणि रंगवायचे. तंतू गुलाबी दिसतात, केंद्रकं निळीजांभळी.

दुसऱ्या दिवसाचा काप पाहिला की पोटात कालवतं. फिकट, फुगलेले, मेलेले तंतू आणि सगळीकडे निळ्या ठिपक्यांची गर्दी. या आत शिरलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. आधी न्यूट्रोफिल येतात, मागोमाग मॅक्रोफेज. मॅक्रोफेज मेलेला माल गिळतात, आणि तो गिळण्यानेच त्यांचा स्वभाव पालटतो. जे आधी सूज वाढवणारे रेणू सोडत होते तेच दोन-तीन दिवसांनी सूज उतरवणारे आणि नव्या पेशींना वाढवणारे रेणू सोडू लागतात. सूज म्हणजे बिघाड, असं आपण धरून चालतो. या कापात ती दुरुस्तीची पहिली पाळी असते.

पाचव्या दिवशी त्याच रिकाम्या अभ्र्यांत बारीक बारीक नवे तंतू दिसतात, आणि प्रत्येकाचं केंद्रक कडेला नाही, बरोबर मध्यात. एकविसाव्या दिवशी तंतू जवळजवळ पूर्वीएवढे जाड होतात, पण केंद्रक अजून मध्यातच. उंदरात ही खूण महिनोन्‌महिने राहते. कुठला तंतू जुना आणि कुठला नव्याने जन्मला, हे काप बघून सांगता येतं.

या चार-पाच दिवसांत सॅटेलाइट पेशीच्या आत काय घडतं? एरवी ती झोपलेली असते. पॅक्स-७ हे प्रथिन तिची ओळख, आणि शेजारच्या तंतूकडून येणारा नॉच नावाचा संदेश तिला झोपलेली ठेवतो. (झोप म्हणजे नुसतं काही न करणं नव्हे, ती राखावी लागते. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-संशोधन संस्थेत ज्योत्स्ना धवन यांच्या गटाने या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं आहे.) इजा झाली की आवरणात अडकून राहिलेले वाढीचे रेणू मोकळे होतात, पेशी जागी होते आणि मायो-डी हे जनुक चालू होतं. या जनुकाची ताकद १९८७ साली कळली. सिॲटलमध्ये हॅरोल्ड वाइनट्रॉब यांच्या प्रयोगशाळेत ते साध्या संयोजी ऊतीच्या पेशींत घातलं आणि त्या स्नायूच्या पेशी झाल्या. एका जनुकाने पेशीचा धर्म बदलतो, हे तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

जागी झालेली पेशी विभागत राहते. मग बहुतेक पिल्लं मायोजेनिन हे जनुक चालू करून विभागणं थांबवतात आणि एकमेकींत विरघळून तंतू बनवतात. पटलं जोडणारी दोन प्रथिनं, मायोमेकर आणि मायोमर्जर, २०१३ आणि २०१७ साली सापडली. पण थोडी पिल्लं मागे फिरतात, पॅक्स-७ धरून ठेवतात आणि पुन्हा फटीत जाऊन झोपतात. पुढच्या वेळेसाठी बियाणं राखून ठेवतात म्हणा ना. २००५ सालच्या एका प्रयोगात एकच तंतू, त्यावर जेमतेम सात सॅटेलाइट पेशी, असा दुसऱ्या उंदरात लावला. त्यातून शंभराहून जास्त नवे तंतू तयार झाले.

लांबलं. पण हे वाचून कुणी तरी "चोळून काढा" म्हणायचं थांबलं तरी मला बरं वाटेल.

तालीमवाला

ताई, एका दमात वाचलं. मी कोल्हापूरचा, लहानपणापासून लाल मातीत. जोर-बैठका वाढवल्या की दोन दिवस अंगाला रग लागायची, आणि वस्ताद म्हणायचे की रग लागली तरी बैठका सोडायच्या नाहीत, कमी कर. हल्लीची पोरं मेहनत झाली की बर्फाच्या टबात बसतात, वर दुखायची गोळी घेतात. तुमच्या लिहिण्यावरून सूज लागते असं दिसतंय. मग हे बरोबर की चूक?

रानवाट

वस्तादांचं पटतं मला. एकदा थोडी इजा सोसलेला स्नायू पुढच्या वेळी त्याच कामाने बराच कमी दुखावतो, हे पुष्कळदा मोजून झालंय.

बर्फाचं: २०१५ साली ऑस्ट्रेलियात तरुणांनी बारा आठवडे पायांची मेहनत केली. एका गटाने दर वेळी नंतर १० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं पाय बुडवले, दुसऱ्या गटाने हलकी सायकल मारली. थंड पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले, आणि त्यांच्या सॅटेलाइट पेशींचा प्रतिसादही मंद होता. उद्या परत लढायचंय म्हणून दुखणं दाबायला बर्फ घेतला तर समजू शकते. पण अंग कमवायच्या काळात रोज टबात बसणं मला तोट्याचं वाटतं.

गोळ्यांचं चित्र इतकं सरळ नाही. ३६ किलोमीटर धावलेल्यांच्या एका अभ्यासात इंडोमेथासिन हे सूज-दुखण्यावरचं औषध घेणाऱ्यांत आठ दिवसांनंतर सॅटेलाइट पेशी वाढलेल्या दिसल्या नाहीत, न घेणाऱ्यांत दिसल्या. सगळ्याच अभ्यासांत असं येत नाही, वयस्कर लोकांत तर उलटही आलंय. माझं मत एवढंच, की नुसती रग लागली म्हणून गोळी नको.

आणि एक, तालमीतल्या पोरांना आवर्जून सांगा. बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर एकदम हजार बैठका मारल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर घरी थांबायचं नाही. स्नायूंतलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंड निकामी करू शकतं. अशा वेळी दुखायची गोळी घेणं मूत्रपिंडाला आणखी घातक. सरळ दवाखाना गाठायचा.

चालतेबोलते

मी फिजिओथेरपिस्ट आहे. चोळण्याबद्दल थोडी भर घालते. नुसती रग असेल तर हलक्या हाताने तेल लावलंत तर काही बिघडत नाही. पण मांडीवर जोराचा मार बसून आत रक्त साकळलं असेल, तर पहिल्या आठवड्यात मुळीच चोळू नका. तिथे स्नायूत हाड धरण्याचा धोका वाढतो. कबड्डीतल्या एका मुलाची मांडी घरच्यांनी तीन दिवस जोर लावून रगडली होती. पुढे एक्सरेत मांडीच्या मांसात खडूसारखी पांढरी रेघ दिसली आणि गुडघा वाकायला चार महिने गेले.

खरोखर फाटलेल्या स्नायूला सुरुवातीचे तीन ते सात दिवस विश्रांती, मग दुखणार नाही इतपत हालचाल. फार दिवस जखडून ठेवलं तर नवे तंतू वेडेवाकडे वाढतात आणि व्रण जाड होतो.

कृष्णाकाठ

माझी आई ७८ वर्षांची. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन चांगलं झालं, पण सहा आठवड्यांत मांडी निम्मी झाली. सगळे म्हणतात आता या वयात काय भरून येणार. आईलाही तेच वाटू लागलंय. या वयात त्या पेशी उरतात तरी का?

रानवाट

उरतात. कमी होतात, सुस्तावतात, पण उरतात. १९८९ साली म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांच्या स्नायूंची अदलाबदल केली होती. म्हाताऱ्याचा स्नायू तरुण शरीरात गेल्यावर तरुणाच्या स्नायूइतकाच सावरला. तरुणाचा स्नायू म्हाताऱ्या शरीरात मात्र रेंगाळला. २००५ साली म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांचं रक्ताभिसरण जोडून पाहिलं, तेव्हाही म्हाताऱ्याच्या सॅटेलाइट पेशी पुन्हा नीट जाग्या झाल्या. म्हणजे बियाणं बऱ्याच अंशी जिवंत असतं, भोवतालची जमीन बिघडलेली असते. अगदी शेवटच्या वयात बियाणंही खराब होतं, हे पुढे कळलं. पण ७८ म्हणजे सगळं संपलं असं नव्हे.

आईंच्या बाबतीत तर मुख्यतः तंतू मेलेले नाहीत, न वापरल्याने बारीक झालेत. ते जाड होऊ शकतात. १९९० साली बॉस्टनमध्ये एका वृद्धांच्या शुश्रूषागृहातल्या ८६ ते ९६ वयाच्या दहा अशक्त लोकांना आठ आठवडे मांडीचा वजनाचा व्यायाम दिला. पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. आईंना हे वाचून दाखवा. आणि ताटात वरण, दही, अंडं जे चालत असेल ते वाढवा. चहा-खारीवर स्नायू बनत नाही.

चालतेबोलते

कृष्णाकाठ, सर्जनने पायावर भार द्यायला परवानगी दिली असेल तर खुर्चीतून हात न टेकता उठणं, हा एकच व्यायाम धरा. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा आणि दर आठवड्याला उशी पातळ करा.

ओवी

पहिल्यांदाच इथे लिहितेय. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याला डुशेन आहे, स्नायू हळूहळू खचवणारा जनुकीय आजार. तो चार वर्षांचा असताना सगळे म्हणायचे, पोटऱ्या बघा कशा पैलवानासारख्या. मलाही कौतुक वाटायचं. जमिनीवरून उठताना तो हात आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहायचा, ते मला खेळ वाटायचं.

मागच्या वर्षी एका दवाखान्यात स्टेम सेलची इंजेक्शनं सुचवली. कमरेतून हाड टोचून पेशी काढणार आणि परत सोडणार. साडेतीन लाख. आम्ही गावाकडचं शेत विकायला काढलं होतं. दोन फेऱ्या झाल्या, काही फरक नाही. तिसरीला आम्ही नाही म्हटलं, तेव्हा "मुलासाठी एवढंही नाही करणार?" असं ऐकून घ्यावं लागलं. ताई, तुम्ही वर लिहिलंत की सात पेशींनी शंभर तंतू केले. मग माझ्या मुलाला का नाही झाला उपयोग? खरं सांगा.

रानवाट

ओवीताई, तुमचं लिहिणं वाचून बराच वेळ गप्प बसले होते. खरं तेच सांगते.

डिस्ट्रॉफिन हे प्रथिन तंतूच्या आतला सांगाडा आणि बाहेरचा अभ्रा यांना बांधून ठेवतं. डुशेनमध्ये जनुकातल्या दोषामुळे तेच बनत नाही, आणि ते नसलं की साध्या चालण्यानेही पटल फाटतं. म्हणजे माझ्या उंदराला मी एकदा विष देते, तसं तुमच्या मुलाच्या स्नायूत थोडं थोडं रोज घडतं. सॅटेलाइट पेशी रोज उठतात, नवा तंतू बांधतात, पण त्या नव्या तंतूतही डिस्ट्रॉफिन नाही, तोही फाटतो. शिवाय खुद्द सॅटेलाइट पेशीलाही नीट विभागायला डिस्ट्रॉफिन लागतं, असं २०१५ साली दिसलं. सूज कधी उतरतच नाही, आणि तंतूंच्या मधल्या ज्या पेशी एरवी दुरुस्तीला हातभार लावतात त्या चरबी आणि तंतुमय जाळं बनवू लागतात. तुम्हाला भरदार दिसलेल्या पोटऱ्यांत तीच चरबी आणि जाळं बरंचसं होतं. ते तुम्ही ओळखायला हवं होतं, असं कृपा करून मनात आणू नका.

कमरेच्या हाडातून काढलेल्या पेशी या सॅटेलाइट पेशी नव्हेत. त्या रक्त बनवणाऱ्या आणि आधार देणाऱ्या पेशी. आणि त्या मुलाच्याच असल्याने जनुकातला दोष त्यांच्यातही तोच. १९९०च्या दशकात तर निरोगी दात्यांच्या खऱ्या स्नायूपेशी डुशेनच्या मुलांना टोचून पाहिल्या होत्या. बहुतेक पेशी थोड्याच दिवसांत मेल्या, उरलेल्या सुईच्या वाटेपलीकडे फारशा गेल्या नाहीत. उंदराच्या एका छोट्या स्नायूत जे जमलं ते मुलाच्या शेकडो स्नायूंत, छातीच्या पडद्यात, हृदयात पोचवायचं कसं, याचं उत्तर अजून कुणाकडे नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा आजारांत स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तुमच्याकडून घेतले, हे चूक झालं. तिसऱ्या फेरीला नाही म्हणालात ते बरोबर केलंत.

जनुक-उपचारांचं तुमच्या कानावर आलंच असेल. अडचण आकाराची आहे. डिस्ट्रॉफिनचं जनुक बावीस लाख अक्षरांचं, त्यातला प्रथिनापुरता मजकूरच ११ हजारांचा, आणि तो वाहून नेणाऱ्या विषाणूत जेमतेम पावणेपाच हजार मावतात. म्हणून काटछाट केलेलं छोटं जनुक देतात. २०२३ साली अमेरिकेत अशा पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली. परिणाम आशेइतके आले नाहीत आणि यकृताचे गंभीर धोके पुढे आले.

स्टेरॉइड चालू आहेत ना? चालण्याची वर्षं वाढवतात, एवढं त्यांच्याबद्दल खात्रीने माहीत आहे. आणि एक विचारते. मुलाच्या जनुक तपासणीच्या रिपोर्टवर कुठले एक्झॉन, म्हणजे जनुकातले प्रथिनाचा मजकूर धरणारे तुकडे, गळालेत, ते लिहिलेलं असेल. ते तुम्हाला कुणी समजावून सांगितलं का?

चालतेबोलते

ओवीताई, रात्री घोट्याला स्प्लिंट आणि रोज टाचेचं ताणणं सोडू नका. थकवणारे व्यायाम नकोत, आणि जिना उतरण्याचा तर मुळीच नको. पोहणं चालेल, पण दमेपर्यंत नाही.

ओवी

स्टेरॉइड चालू आहेत. स्प्लिंट तो काढून टाकतो, पण पुन्हा बांधीन. रिपोर्ट आत्ता कपाटातून काढला. "एक्झॉन ४५ ते ५० गळाले" असं लिहिलंय. चार वर्षांत याचा अर्थ कुणी सांगितला नाही.

रानवाट

सांगते. पेशी जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचते. असं धरा: "मदन कमळ बघत परत". मधलं एकच अक्षर गेलं की वाचन सरकतं: "मदन कळब घतप रत". पुढचं सगळं निरर्थक. पण पुरी तीन अक्षरं गेली तर "मदन बघत परत" उरतं. वाक्य अपुरं, तरी वाचता येतं. डुशेनमध्ये बहुतेक वेळा पहिला प्रकार होतो. दुसरा प्रकार झाला तर बेकर नावाचा सौम्य आजार होतो.

४५ ते ५० गेल्याने तुमच्या मुलाचं वाचन सरकलंय. पेशीला ५१ वा एक्झॉनही ओलांडायला लावला, तर तिनाचा हिशोब पुन्हा जुळतो आणि आखूड पण वाचता येणारं डिस्ट्रॉफिन बनू शकतं. हे करणारं एटेप्लिर्सेन नावाचं औषध अमेरिकेत २०१६ साली मान्य झालं. त्याने डिस्ट्रॉफिन फार थोडं बनतं, मुलांना किती फायदा होतो यावर वाद आहे, आणि किंमत आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची आहे. त्यासाठी शेत काढा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण हाच एक्झॉन ओलांडणाऱ्या पुढच्या औषधांच्या चाचण्या होत असतात आणि त्यात "५१ ला पात्र" ही नोंद बघतात. जनुकीय समुपदेशकाला भेटून ही नोंद करून घ्या. जाताना स्वतःची तपासणीही विचारा. आईत तो दोष असेल तर तुमच्या बहिणीलाही ते माहीत असायला हवं, आणि तुमच्या हृदयाची तपासणीही लागते.

ओवी

शुक्रवारची वेळ मिळाली. बहिणीला फोन केला, तीही येतेय. कमळाचं वाक्य मुलाला वाचून दाखवलं. त्याने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "माझं कुठलं अक्षर गेलं?" मी त्याला ४५ ते ५० आकडे लिहून दिले. त्याने पुढे स्वतःच ५१ लिहिला.